एकीला तारीख, दुसरीला पत्ता : भोकरदनची पांढरी



मला पुरातत्त्वावर बोलायला बोलावलंय आणि मी पुरातत्त्वज्ञ नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. दोन्ही शब्दांच्या पोटात ‘तत्त्व’ आहे, तेवढ्यावरच माझी निवड झाली असावी. पण एक प्रश्न मला बरीच वर्षं छळतो आहे आणि तो आपल्याच जिल्ह्यातला आहे, म्हणून आलो. प्रश्न असा, की जमिनीखालून निघालेली वस्तू तिच्या जागेवरून उचलून नेली की तिच्यातलं नेमकं काय हरवतं? आणि ते हरवू नये म्हणून अवशेषांच्या वरच, त्याच जागी संग्रहालय बांधायचं म्हटलं, तर आज त्या जागेवर जी माणसं नांदतायत त्यांचं काय करायचं?

जालन्याहून राजूरच्या गणपतीवरून भोकरदनला गेलात की केळणा नदी भेटते. पुढे जाऊन पूर्णेला मिळणारी ही लहानशी नदी. तुमच्यापैकी बहुतेकांना ती असईच्या लढाईमुळे माहीत असेल. २३ सप्टेंबर १८०३. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजा भोकरदनपासून असईपर्यंत, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधे पसरलेल्या. समोर आर्थर वेलस्ली, जो पुढे वॉटर्लूवर नेपोलियनला हरवून मोठा झाला. त्याच्याजवळ माणसं कमी, आणि वाटाडे सांगतायत की इथे नदीला उतार नाही. वेलस्लीला नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. इंग्रजी कागदांत त्यांची नावं पीपलगाव आणि वारूर अशी लिहिलेली आहेत. त्यानं विचार केला की इतकी जवळ, समोरासमोर दोन गावं वसली आहेत, म्हणजे लोकांचं जाणंयेणं असणार. जाणंयेणं असेल तर उतार असलाच पाहिजे. उतार निघाला. फौज तिथून पलीकडे गेली आणि त्या दिवशी जे व्हायचं ते झालं. त्याच्या बाजूचे दीड हजारांवर लोक मेले किंवा जखमी झाले, आपल्या बाजूची मोजदाद कुणी नीट केलेली नाही.

मी वर्गात अनुमान शिकवताना हे उदाहरण हमखास द्यायचो. डोंगरावर धूर आहे म्हणून तिथे अग्नी आहे, हे उदाहरण मुलांना पाठ असतं, आणि पाठ असल्यामुळे त्यांना त्यात काहीच दिसत नाही. केळणेचं उदाहरण दिलं की भोकरदन-जाफराबादकडची मुलं एकदम सरसावून बसायची.

न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत: पूर्ववत्, शेषवत् आणि सामान्यतोदृष्ट. त्यातलं शेषवत् आज आपल्या कामाचं. कार्यावरून कारणाकडे जायचं. वात्स्यायनाच्या भाष्यातलं उदाहरण नदीचंच आहे, बरं का. नदीला गढूळ लोंढा आला, पाणी काठोकाठ भरलं, तर वर कुठेतरी पाऊस झाला असला पाहिजे. पाऊस आपण पाहिलेला नाही. जे उरलं, खाली वाहत आलं, त्यावरून जे झालं त्याच्याकडे जायचं. शेष आणि अवशेष. पुरातत्त्ववाले दुसरं काय करतात? सगळं पुरातत्त्व म्हणजे शेषवत् अनुमान. पण त्यात एक अट आहे. नदी कुठली आणि पाणी कुठे पाहिलं, हे माहीत पाहिजे. बादलीत भरून आणलेलं गढूळ पाणी कितीही न्याहाळा, पाऊस कुठे पडला ते कळणार नाही.

आता भोकरदनच्या पोटात काय आहे ते पाहू.

भोकरदनचं जुनं नाव भोगवर्धन. मार्कंडेय पुराणात दक्षिणेकडच्या लोकांची यादी येते, तिच्यात अश्मकांच्या शेजारी भोगवर्धन हे नाव आहे. पुराणातली यादी म्हणजे पुरावा नव्हे असं कुणी म्हणेल, आणि ते बरोबर आहे. पण सांचीच्या स्तूपाला ज्यांनी दान दिलं त्यांची नावं तिथल्या दगडांवर कोरलेली आहेत, आणि त्या दात्यांत भोगवर्धनाचे लोक आहेत. इथून सांची किती लांब, विचार करा. एवढ्या लांब जाऊन, किंवा कुणाच्या हाती पैसे पाठवून, आपल्या गावाचं नाव दगडावर घालण्याइतकी ऐपत आणि तेवढी इच्छा या गावातल्या माणसांत होती.

इकडे पैठण, त्याच्या पलीकडे तेर, म्हणजे जुनं तगर. तिकडे भडोच, उज्जैन, विदिशा. इ.स.च्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक दर्यावर्द्यानं लाल समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली; ‘पेरिप्लस’ म्हणून तो ग्रंथ प्रसिद्ध आहे. त्यात पैठण आणि तगर इथला माल गाड्यांतून, वाट नसलेल्या मुलुखातून भडोचला उतरतो असं सांगितलं आहे. पैठणाहून अकीकासारखे दगड, तगराहून कापड. आणि भडोच बंदरातून बाहेर जाणाऱ्या मालाच्या यादीत हस्तिदंत आहे. भोगवर्धन या दक्षिणेहून उत्तरेकडे जाणाऱ्या व्यापारी वाटांवरचं गाव.

१९७३ साली नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून इथे उत्खनन केलं. नागपूरचे शां. भा. देव आणि औरंगाबादचे र. शं. गुप्ते हे त्याचे प्रमुख. पुढच्याच वर्षी अहवाल छापून आला. आजकाल अहवाल यायला वीस-वीस वर्षं लागतात हे ज्यांना माहीत आहे त्यांना या गोष्टीचं मोल कळेल. तेव्हा हा जालना जिल्हा नव्हताच. तो १ मे १९८१ला झाला. भोकरदन औरंगाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. खणताना सातवाहनपूर्व काळापासून सातवाहन काळापर्यंतचे वस्तीचे थर मिळाले. मणी भरपूर, मातीच्या मूर्ती, शंखाच्या वस्तू, नाणी. आणि एक लहानशी हस्तिदंती मूर्ती, वरचा भाग तुटलेली. एक स्त्री, पायांत घोट्याच्या बऱ्याच वरपर्यंत चढलेली वाळ्यांची चळत, आणि दोन्ही अंगांना दोन दासी.

ज्यांनी ती पाहिली त्यांना इटली आठवली असणार. १९३८ साली अमेदेओ माइउरी या इटालियन पुरातत्त्वज्ञाला पॉम्पेईच्या एका घरात हस्तिदंताची जवळपास २५ सेंटिमीटर उंचीची हिंदुस्थानी स्त्रीमूर्ती मिळाली होती. तशाच वाळ्या, तशीच मेखला, दोन्ही बाजूंना दोन दासी. डोक्यातून खाली एक भोक आहे, म्हणून ती आरशाची मूठ असावी असं काहींचं म्हणणं. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. सुरुवातीला तिला लक्ष्मी म्हणून टाकलं गेलं. युरोपात हिंदुस्थानी बाई दिसली की ती एक तर देवी, नाही तर नर्तकी! पुढे अभ्यासकांनी यक्षी वगैरे पर्याय सुचवले. ते असो.

आता नीट लक्ष द्या, कारण माझ्या बोलण्याचा गाभा इथे आहे. पॉम्पेई इ.स. ७९ मधे व्हेसुव्हियसच्या राखेखाली गेलं. म्हणजे ती मूर्ती त्याच्या आधीची, यात वादच नाही. पण ती कुठली? हिंदुस्थान केवढा मोठा! आधी लोक मथुरेचं नाव घेत. ती वस्तू तिच्या घरापासून तुटलेली होती. भोकरदनच्या तुकड्याचं उलट. त्याच्यावर कुठलं साल नाही, राख नाही, पण तो कुठल्या गावात, कुठल्या थरात, कशाच्या सोबतीनं पडला होता हे नोंदलेलं आहे. एकीला तारीख आहे, दुसरीला पत्ता आहे. दोघी समोरासमोर ठेवल्या तेव्हा म. के. ढवळीकरांसारख्या अभ्यासकाला म्हणता आलं की पॉम्पेईची मूर्ती मथुरेकडची नसून दख्खनमधली, भोकरदनच्या परिसरात घडलेली असावी. तेरलाही हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळालेली आहे, त्यामुळे या म्हणण्याला जोर येतो.

मी तर्कशास्त्राचा मास्तर, त्यामुळे इथे टाळ्या वाजवण्याआधी हेत्वाभास शोधणं माझं काम. वस्तू जिथे सापडली तिथेच घडली असं होत नाही. नाही तर ती पॉम्पेईतच घडली म्हणावं लागेल! नेपल्सच्या मूर्तीवर खरोष्ठी लिपीतलं एक अक्षर आहे, आणि खरोष्ठी ही मुख्यत: वायव्येकडची लिपी. अफगाणिस्तानात बेग्रामला हस्तिदंताचं कोरीवकाम ढिगानं मिळालंय. शिवाय सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत-कारागिरांनी हे कोरीवकाम केलं असा लेख आहे. म्हणजे भोगवर्धनाचे दाते ज्या स्तूपावर आपली नावं ठेवतात, त्याच स्तूपावर विदिशेचे दंतकार काम करतात. कारागीर हिंडत होते की वस्तू हिंडत होत्या? मला वाटतं दोन्ही. तेव्हा भोकरदनचा दावा हे चांगलं अनुमान आहे, सिद्धांत नव्हे. पण हा सगळा वाद उभा राहू शकतो तो कशाच्या जोरावर? १९७३ साली कुणीतरी तो तुकडा थरासकट नोंदला म्हणून. तोच तुकडा एखाद्या पोराला नदीकाठी मिळाला असता आणि मुंबईच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात गेला असता, तर तीही एक सुंदर, बेवारस बाई झाली असती.

आता पांढरीकडे येतो. शेतीशी संबंध असलेल्यांना काळी आणि पांढरी हे शब्द सांगायला नकोत. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे गावठाण. गावाची माती पांढरी का? पिढ्यान्‌पिढ्या माणसं तिथे राहिली, चुलीची राख, पडलेल्या भिंती, शेण, हाडं, खापरं, सगळं तिथेच मुरत गेलं. पांढरी म्हणजे माणसांचा गाळ. आणि मराठवाड्यात ही पांढरी माती आपण काय केली? माळवदावर टाकली, पाणी झिरपू नये म्हणून. शेतात टाकली, खत म्हणून. गाड्याच्या गाड्या. मी लहानपणी आमच्या घराच्या माळवदावर दर वर्षी पावसाळ्याआधी ती माती पसरताना पाहिलीय, पसरायला मदतही केलीय. त्यात खापराचे तुकडे यायचे, क्वचित एखादा मणी. मणी मुलींना, खापरं ठिकरीच्या खेळाला. आम्ही सातवाहन डोक्यावर घेऊन झोपत होतो असं म्हणा ना.

तेव्हा गावकऱ्यांना वारशाची कदर नाही, असं शहरातून येऊन म्हणण्यात अर्थ नाही. तेरचं संग्रहालय रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभं राहिलं, ते तेरचेच. पैठणच्या संग्रहालयाला बाळासाहेब पाटलांचं नाव आहे, कारण संग्रह त्यांचा. मराठवाड्यातली ही दोन महत्त्वाची संग्रहालयं दोन माणसांच्या छंदातून, पदरचा वेळ घालून झालेली आहेत. मला त्यांच्याबद्दल अतिशय आदर आहे. पण वेचून जमवलेल्या संग्रहाची मर्यादाही तीच, जी मी आत्ता सांगितली. गाव माहीत असतं, थर माहीत नसतो.

भोकरदनच्या वस्तू थरासकट नोंदल्या गेल्या, मात्र त्या गावात राहिल्या नाहीत. विद्यापीठांचं उत्खनन, वस्तू विद्यापीठांकडे गेल्या, हे रीतीप्रमाणेच झालं. आपल्या विद्यापीठाच्या इतिहास वस्तुसंग्रहालयात भोकरदनचं साहित्य आहे. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी आवर्जून पाहावं. काही वर्षांपूर्वी ते पाहून मी मुद्दाम भोकरदनला गेलो. स्टँडवर, चहाच्या टपरीवर विचारत राहिलो, १९७३ साली खणलं ती जागा कुठली? तरुण पोरांना काही कल्पना नव्हती. शेवटी एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, “ते खड्डे व्हय? ते कवाच बुजवले की.” बुजवतातच, उघडे ठेवले तर पावसात ढासळतात. पण नंतर ते म्हणाले, “सर, तिथं काय निगालं ते आमाला कुणी सांगितलंच न्हाई.” याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

जगात काही शहरांनी यावर उत्तर शोधलं आहे. बार्सिलोनाची गोष्ट मला फार आवडते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी जुन्या शहरातून एक मोठा रस्ता काढला. त्यात एक जुना वाडा आडवा आला. तो त्यांनी दगड-दगड सुटा करून दुसऱ्या चौकात पुन्हा उभा करायचं ठरवलं. १९३१ साली त्यासाठी पाया खणायला घेतला तर खाली रोमन शहर! १९४३ साली तिथेच शहराच्या इतिहासाचं संग्रहालय उघडलं. वर वाडा, खाली रोमन गल्ल्या, आणि लोक त्या गल्ल्यांतून चालतात. तिथे काय दिसतं? कपडे धुण्याची आणि रंगवण्याची जागा, मासे खारवण्याची जागा, दारूची भट्टी. वाडा वाचवायला गेले आणि धोबी, रंगारी, कोळी सापडले. कॅनडात मॉन्ट्रियलला १९९२ साली शहर जिथे वसलं त्याच जागेवर असं संग्रहालय झालं, आणि तिथलं एक मोठं आकर्षण म्हणजे १८३०च्या दशकात बांधलेलं दगडी गटार. लोक तिकीट काढून गटारातून फिरतात. आपल्याकडे हे सांगितलं की लोक हसतात. पण पॉम्पेईसुद्धा लोक पाहतात ते तिथल्या बेकऱ्या आणि मोऱ्या पाहायला.

आपल्या देशातलं ताजं उदाहरण गुजरातेत वडनगरला. तेही भोकरदनसारखंच, जुन्या वस्तीवर नांदतं गाव. तिथे उत्खननाचा खोल खड्डा छपराखाली तसाच राखून त्याच्यावरून फिरायची वाट केली, शेजारी संग्रहालय. जानेवारी २०२५ मधे ते सुरू झालं. खर्च सुमारे २९८ कोटी रुपये. आता वडनगर पंतप्रधानांचं जन्मगाव आहे. तेवढी पुण्याई प्रत्येक गावाच्या खाती नसते. म्हणून माझं म्हणणं असं की भोकरदनसाठी वडनगरचा नकाशा आणू नये. एवढा पैसा मिळणार नाही, आणि मिळाला तर काचेची इमारत होईल, उद्घाटन होईल आणि दुसऱ्या उन्हाळ्यात वातानुकूलन बंद पडेल.

शिवाय माणसं. पांढरीवर आज घरं आहेत. पाया खणताना काही निघालं तर लोक काय करतात? गुपचूप माती ओढतात. का? भीती. संरक्षित स्मारक असेल तर २०१०च्या दुरुस्तीनंतर शंभर मीटरच्या आत बांधकामाला बंदी, त्यापुढे दोनशे मीटर परवानगी लागते. गावाला एवढंच ऐकून माहीत असतं की वस्तू दाखवली की घर गेलं. दुसरीकडे १८७८चा निखात निधी अधिनियम. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. सरकारनं ते घ्यायचं ठरवलं तर आतल्या मालाची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन घेता येतं. मालाची किंमत! सोन्याची मोहर असेल तर ठीक. मातीच्या मूर्तीतल्या मातीची किंमत काय? तुटलेल्या हस्तिदंताच्या तुकड्याची काय? खापर, मणी, मातीचं खेळणं दहा रुपयांचं होत नाही, म्हणजे ते कळवण्याचं बंधनसुद्धा नाही. इंग्रजांनी कायदा केला तो खजिन्यासाठी. पत्त्याची किंमत त्यात कुठेच धरलेली नाही, आणि इतिहासाला तर पत्ताच हवा असतो.

म्हणून माझी मागणी लहान आहे. गावातली एखादी मोकळी सरकारी जागा पाहावी, कुणाचं घर न हलवता. तिथे जाणकारांच्या हाताखाली एकच खड्डा, नीट, खालच्या कोऱ्या मातीपर्यंत घ्यावा. त्याची एक उभी भिंत छपराखाली राखावी, थरांवर मराठीत पाट्या लावाव्यात: हे तुमच्या आजोबांच्या काळचं, हे निजामाचं, हे सातवाहनांचं, ही कुणीच नसतानाची माती. विद्यापीठातल्या वस्तू विद्यापीठातच असू देत, तिथे त्या सुरक्षित आहेत. इथे त्यांच्या चांगल्या प्रतिकृती ठेवाव्यात. आणि भोकरदनच्या तुटक्या मूर्तीशेजारी नेपल्सच्या मूर्तीचीही प्रतिकृती ठेवावी. आणखी एक गोष्ट, खरं तर पहिली: पाया खणताना काही निघालं तर ते घेऊन जायला, नोंदवायला आणि घरमालकाचं नाव पाटीवर लिहायला तिथे एक माणूस असावा, आणि त्यानं घराला हात लावू नये. सांचीच्या दात्यांची नावं दगडावर राहिलीच ना? मग पांढरी देणाऱ्याचं नाव पाटीवर यायला काय हरकत आहे?

यावर एक आक्षेप मला माहीत आहे, आणि तो बिनतोड आहे असं माझं मत आहे. एवढं सगळं कशाला, गावात आधी पाणी द्या! मराठवाड्यात हा आक्षेप ऐकून न घेणारा माणूस खोटारडा. मी पाण्याच्या आधी संग्रहालय मागत नाही. पण जलवाहिनीसाठी, गटारासाठी, नव्या रस्त्यासाठी आपण पांढरी खणतोच आहोत, रोज. त्या खणण्यात एक माणूस वही घेऊन उभा राहिला तर पाणी उशिरा येणार नाही.

वेळ झालाय, हात वर झालेले दिसतायत, थांबतो. ज्यांना भोकरदनला जायचं असेल त्यांनी पावसाळा संपता संपता जावं. केळणेला पाणी असतं, काठावरचं वैष्णव लेणं पाहून होतं, आणि तिथून असई फार लांब नाही. पांढरी कुठली ते मात्र म्हाताऱ्या माणसांना विचारा.